सिएम रीप आणि अंगकोर: निघण्यापूर्वी सगळे विचारतात ते प्रश्न

कंबोडियाला दोनदा जाऊन आल्यापासून ओळखीतलं कुणी तिकडे निघालं की मला फोन येतो. पहिल्यांदा मी आई-बाबांना घेऊन गेले होते, दुसऱ्यांदा एकटी. प्रश्न दरवेळी साधारण तेच असतात, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

सिएम रीप आणि अंगकोर वाट एकच का?

नाही. सिएम रीप हे आजचं शहर. हॉटेलं, बाजार, मधून वाहणारी छोटीशी नदी, सगळं तिथे. त्याच्या उत्तरेला अंगकोर सुरू होतं. ख्मेर, म्हणजे कंबोडियातल्या, राजांच्या एकामागून एक वसलेल्या राजधान्यांचा हा सुमारे 400 चौरस किलोमीटरचा प्रदेश आहे. ‘अंगकोर’ हा शब्द आपल्या ‘नगर’चंच ख्मेर रूप, आणि ‘वाट’ म्हणजे बौद्ध विहार. अंगकोर वाट हे या प्रदेशातलं एक देऊळ, सगळ्यात मोठं. शहरापासून पाच-सहा किलोमीटरवर. लोक अख्ख्या प्रदेशालाच अंगकोर वाट म्हणतात आणि मग विचारतात, “एका देवळाला तीन दिवस कशाला?”

बरं, मग किती दिवस ठेवू?

तिकीट एक, तीन किंवा सात दिवसांचं मिळतं: 37, 62 आणि 72 डॉलर. तीन दिवसांचं तिकीट दहा दिवसांत कुठलेही तीन दिवस वापरता येतं, म्हणजे मध्ये एक दिवस पाय पसरून पडायची सोय आहे. बारा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पण पासपोर्ट जवळ हवा. तिकिटावर तुमचा फोटो छापतात आणि प्रत्येक मोठ्या देवळाशी ते बघतात, त्यामुळे एकाचं दुसऱ्याला चालत नाही.

माझं मत विचाराल तर तीन दिवस. पहिल्या खेपेला आम्ही एका सहल कंपनीचं पॅकेज घेतलं होतं. त्यांनी एका दिवसात सहा देवळं बसवली होती. चौथ्या देवळाच्या पायरीवर बाबा बसले आणि म्हणाले, “तुम्ही जाऊन या, मला फोटो दाखवा.” दोष बाबांचा नव्हता.

दुसऱ्या खेपेला मी उलट केलं. सुरुवात रोलुओसपासून, शहराच्या पूर्वेला तेरा किलोमीटरवर. तिथलं जुन्या राजधानीचं नाव हरिहरालय. प्रिआ को (सन 879) हे विटांचं छोटं देऊळ, मग बाकोंग (881) हा पायऱ्यापायऱ्यांचा दगडी डोंगर. दुसऱ्या दिवशी बायोन, ता प्रोम, प्रिआ खान. अंगकोर वाट शेवटी. विटांपासून दगडापर्यंत, एका शिखरापासून पाच शिखरांपर्यंत ही माणसं कशी पोचली ते डोळ्यांसमोर उलगडत गेलं. वयस्कर माणसं बरोबर असतील तर मात्र हा शहाणपणा करू नका. पाय ताजे असताना अंगकोर वाट उरकून घ्या.

सूर्योदय बघायलाच हवा का?

बघा, पण जीव टाकू नका. अंगकोर वाट पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे सूर्य शिखरांच्या मागून उगवतो आणि समोरच्या तळ्यात प्रतिबिंब पडतं. फाटक पहाटे पाचला उघडतं. डाव्या हाताच्या तळ्याकाठी तोवर तीन-चार रांगा लागलेल्या असतात. मला दोन्ही वेळा ढगच मिळाले. 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या आसपास सूर्य बरोबर मधल्या शिखरावर येतो, तेव्हा गर्दी विचारूच नका.

खरी गंमत पुढे आहे. सूर्य वर आला की ती सगळी गर्दी नाश्त्याला हॉटेलवर पळते. तुम्ही पळू नका. डब्यात काहीतरी घेऊन या, बाहेर बसून खा आणि साडेसहा-सातला ओवऱ्यांमध्ये शिरा. पुढचा तास-दीड तास ती उठावशिल्पं जवळजवळ तुमच्या एकट्याची असतात.

शिल्पं बघायची कुठून? प्रदक्षिणेसारखं डावीकडून?

हा प्रश्न आईने तिथे उभं राहून विचारला होता आणि गाइड खूश झाला होता. कारण उत्तर आहे: उलट. समोरून आत शिरलं की उजवीकडे वळायचं. म्हणजे देऊळ कायम तुमच्या डाव्या हाताला राहतं. आपल्याकडे श्राद्धात जानवं अपसव्य करतात, त्यातलाच हा प्रकार. दार पश्चिमेला, क्रम अपसव्य, यावरून बरेच अभ्यासक म्हणतात की बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्म्याने हे विष्णूचं देऊळ बांधलं ते स्वतःच्या मरणोत्तर स्मारकाचाही विचार करून.

वळल्यावर पहिली भिंत कुरुक्षेत्राची. डावीकडून कौरव, उजवीकडून पांडव, आणि मध्ये नुसती कापाकापी. शरपंजरी पडलेले भीष्म कुणी न सांगता ओळखू येतात. पुढे दक्षिणेच्या भिंतीवर हत्तीवर स्वार झालेला खुद्द सूर्यवर्मा आणि त्याची मिरवणूक. त्यानंतर यमाचा दरबार: रेड्यावर बसलेला अनेक हातांचा यम, जवळ चित्रगुप्त, खाली 32 नरक. कुणाला खिळे ठोकलेत, कुणाला नाकात वेसण घालून ओढताहेत. वर स्वर्ग आहेत 37, पण ते सगळे एकसारखे, महालात निवांत बसलेली माणसं. शिल्पकारांनी जीव नरकातच ओतलाय.

पूर्वेच्या भिंतीवर समुद्रमंथन, 49 मीटर लांब. इथे घाई करू नका. एका बाजूला असुरांची रांग, दुसऱ्या बाजूला देवांची, हातात वासुकी, मध्ये विष्णू आणि खाली कूर्म. सगळ्यांचे हात, गुडघे, पाठीचा ताण एका लयीत, रस्सीखेचीत असतो तसा. देवांच्या टोकाला शेपूट धरून एक वानर उभा आहे. हा आपल्या कथेत कुठून आला, असं तुम्हाला वाटेलच. आता खाली वाका. समुद्रात मासे आणि मगरी आहेत. कडेचे धड आहेत, पण रवीच्या जितकं जवळ जावं तितके त्यांचे तुकडे होत जातात. रवीपाशी तर नुसती अर्धी-मुर्धी शेपटं. घुसळणीचा जोर दाखवायला कुणीतरी तो मासा मधोमध कापलाय. लहानपणापासून ही गोष्ट ऐकतेय, पण त्या माशांचं काय झालं असेल हे मला कधी सुचलं नव्हतं.

हात मात्र लावू नका. शतकानुशतकं लोकांचे हात फिरून काही आकृत्या काळ्या तुकतुकीत झाल्या आहेत.

ही मुळात आपलीच देवळं ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याच्या आवाजात उत्तर आधीच असतं. देव ओळखीचे आहेत, शिलालेखांची भाषा कित्येक ठिकाणी चांगली वृत्तबद्ध संस्कृत आहे, लिपीचं मूळ दक्षिण भारतात आहे. हे सगळं खरं. पण बांधणारे ख्मेर, राजे ख्मेर, दगड शेजारच्या कुलेन डोंगरातला, आणि पाणी साठवण्याची विद्या त्यांची. पश्चिम बाराय हा जलाशय सुमारे आठ किलोमीटर लांब आणि दोन रुंद आहे, तो हातांनी बांध घालून केलेला. सन 802 मध्ये दुसऱ्या जयवर्म्याने त्याच कुलेनवर, म्हणजे महेंद्रपर्वतावर, स्वतःला चक्रवर्ती घोषित केलं असं नंतरचा शिलालेख सांगतो. भारतातून फौज घेऊन कुणी आलं नव्हतं.

आमचा गाइड शांतपणे म्हणाला होता, “तुम्हाला गोष्टी माहीत आहेत, आम्हाला जागा माहीत आहे.” तेवढं पुरेसं आहे. प्रत्येक मूर्तीपुढे “हे आमचं” म्हणत फिरलात तर जे वेगळं आहे तेच नेमकं दिसणार नाही. उदाहरणार्थ, लंकेच्या युद्धात राम रथात नाही, हनुमानाच्या खांद्यावर उभा राहून बाण मारतोय.

भारताचा अलीकडचा वाटा सांगायचा तर 1986 ते 1993 या काळात, इथे यादवी चालू असताना, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने अंगकोर वाटची डागडुजी केली. ता प्रोमचं कामही त्यांनी कंबोडियाच्या संस्थेबरोबर केलं. ता प्रोममध्ये आपल्या विभागाचे फलक दिसले की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

तिथे पूजा करता येते का? नारळ न्यावा का?

नारळ घरीच राहू दे. अंगकोर वाट गेली कित्येक शतकं बौद्ध विहार आहे. भगव्या वस्त्रांतले भिक्खू आत-बाहेर करत असतात. पण पश्चिमेच्या प्रवेशद्वारात एक मोठी अष्टभुज मूर्ती आहे, मूळची विष्णूची. तिथले लोक तिला ‘ता रीच’ म्हणतात, नवस बोलतात, उदबत्त्या लावतात, फुलं वाहतात. तिथे तुम्हीही उदबत्ती लावा, कुणी अडवत नाही. बाबांनी चपला काढून हात जोडले, तर शेजारच्या आजीबाई स्वतःच्या जुडीतली एक उदबत्ती त्यांना देऊन गेल्या. नमस्कार तिकडेही हात जोडूनच करतात, त्याला ‘सांपेआ’ म्हणतात.

कपड्यांचं मात्र कडक आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही. वरून ओढणी घेतली की झालं असं समजू नका, सगळ्यात वरच्या मजल्यावर तेवढ्याने सोडत नाहीत.

आई-बाबा साठीच्या पुढचे आहेत. झेपेल का?

झेपेल, फक्त चढ निवडून घ्या. अंगकोर वाटच्या सगळ्यात वरच्या मजल्याला ‘बाकान’ म्हणतात. मूळ पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत, म्हणून त्यावर कठडा असलेला लाकडी जिना बसवलाय. तोही खडाच. आई चढली, उतरताना मात्र तोंड जिन्याकडे करून शिडीसारखी उतरली. बारा वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नाहीत. शिवाय बौद्धांच्या उपोसथाच्या दिवशी बाकान बंद असतो. साधारण अष्टमी, पौर्णिमा, अमावस्या. निघण्यापूर्वी कालनिर्णय बघा, एखाद्या दिवसाचा फरक धरून.

फ्नोम बाखेंग या टेकडीवरच्या देवळातला सूर्यास्त प्रसिद्ध आहे, पण वर एका वेळी तीनशेच माणसं सोडतात आणि रांगेत तास-दोन तास जातात. त्यापेक्षा स्राह स्रांग तलावाच्या घाटावर बसा. घोट-घोट शहाळं प्या. सूर्य तिथेही मावळतोच.

पाणी, टोपी आणि गुडघ्याचा पट्टा. अकरा ते तीन हॉटेलवर झोपा. या झोपेवर सहलीचा निम्मा आनंद अवलंबून आहे.

बांतेय स्रेई लांब आहे. सोडलं तर चालेल?

दुसरं काहीही सोडा. शहरापासून सदतीस किलोमीटर, टुकटुकने तासाभराहून जास्त. पण वेरूळ पाहिलेल्या माणसाने हे चुकवू नये.

हे राजाने बांधलेलं देऊळच नव्हे. यज्ञवराह नावाच्या दरबारातल्या विद्वानाने बांधवलं, प्रतिष्ठापना सन 967 मध्ये. देवाचं नाव त्रिभुवनमहेश्वर. दगड गुलाबी-तांबूस आणि आकार इतका लहान की मधल्या गाभाऱ्यांची दारं जेमतेम कमरेच्या वर येतात. अंगकोर वाटला मान वर करून बघावं लागतं, इथे वाकून. कोरीवकाम चंदनाच्या लाकडात केल्यासारखं, पानाच्या शिरा मोजता येतील असं.

आत एका लहान इमारतीच्या माथ्यावर रावण कैलास हलवतोय. वेरूळच्या सोळा क्रमांकाच्या लेण्यातही तोच प्रसंग आहे, याच्या दोनेकशे वर्षं आधीचा. वेरूळचा रावण खालच्या अंधारात, सगळा जोर खांद्यांत. वर पार्वती शंकराचा दंड धरते. इथे पार्वती तशीच शंकराला बिलगली आहे, पण कैलास पायऱ्या-पायऱ्यांचा झालाय, ख्मेर देवळासारखा. एकेका पायरीवर घाबरलेले ऋषी, प्राण्यांच्या तोंडाचे सेवक, आणि खाली सैरावैरा पळणारे हत्ती, सिंह. तीच गोष्ट दोन गावांत दोन आज्यांनी सांगावी तशी.

1923 मध्ये आंद्रे माल्‌रो या तरुण फ्रेंच लेखकाने इथली शिल्पं कापून पळवली आणि तो पकडला गेला. पुढे हाच माणूस फ्रान्सचा सांस्कृतिक मंत्री झाला! शिल्पं परत आली.

सकाळी सातला निघा. दुपारी दगड तापतो आणि बसगाड्या येतात. येताना पाय साथ देत असतील तर क्बाल स्पिआनला जा: जंगलातून दीड किलोमीटर चढ, आणि वर नदीच्या पात्रातच कोरलेली शेकडो शिवलिंगं, वरून वाहतं पाणी. उन्हाळ्यात पाणी नसतं.

झाडांनी गिळलेलं देऊळ कोणतं?

ता प्रोम. सातव्या जयवर्म्याने 1186 मध्ये आईच्या स्मरणार्थ बांधलं. वडिलांसाठी 1191 मध्ये प्रिआ खान. ता प्रोमच्या शिलालेखात राज्यातल्या 102 रुग्णालयांचा उल्लेख आहे, लोक झाडांचे फोटो काढण्याच्या नादात हे ऐकतच नाहीत. उघडताना म्हणजे साडेसातला, नाहीतर बंद होण्याच्या तासभर आधी जा. गर्दीचा कंटाळा असेल तर प्रिआ खान. झाडं तिथेही आहेत आणि शांतता आहे.

बायोनमध्ये शिखरांवरच्या मोठ्या दगडी चेहऱ्यांखेरीज काय बघायचं?

खालच्या ओवरीतल्या भिंती. देवादिकांपेक्षा साधी माणसं जास्त. कोंबड्यांची झुंज, पैजा लावणारे, भात शिजवणारे, बाळंत होणारी बाई, शेजारच्या चंपा राज्यातल्या चाम लोकांशी नौकायुद्ध. एका शिपायाच्या ढुंगणाला कासव चावलंय, ते गाइड हमखास दाखवतात. बाजारात विकायला बसलेल्या सगळ्या बायका. 1296 मध्ये आलेला चिनी दूत झोउ दागुआन यानेही लिहून ठेवलंय की इथला व्यापार बायकांच्या हातात आहे. संध्याकाळी शहरातल्या जुन्या बाजारात, प्सार चासमध्ये, जा. मासळीच्या ओट्यावर तशाच बसलेल्या असतात, सुरी चालवत, गिऱ्हाइकाशी भांडत.

शाकाहारी माणसाचं काय?

उपाशी राहणार नाही, पण जागरूक राहा. तिथे भाजीतही ‘तुक त्रेय’ म्हणजे माशाचं पाणी आणि ‘प्राहोक’ म्हणजे आंबवलेल्या माशांचा गोळा पडतो. ‘व्हेज’ म्हटलं की मांस काढतात, हे राहतं. या दोन शब्दांची नावं घेऊन नको म्हणा. शहरात भारतीय हॉटेलं भरपूर आहेत, वरण-भातासारखं काहीतरी मिळतंच.

मासे खाणाऱ्यांनी आमोक चुकवू नका. नारळाचं दूध, गवती चहा, हळद, गलंगल यांच्या वाटणात मासा, केळीच्या पानाच्या द्रोणात वाफवलेला. मालवणी जिभेला तिखट कमी वाटेल. माझ्या आईने पर्समधून लसणाची चटणी काढली होती.

व्हिसा, विमान, पैसे?

भारतीयांना व्हिसा लागतो. सरकारी संकेतस्थळावर ई-व्हिसा काढा, नावाशी मिळतीजुळती दलाल संकेतस्थळं बरीच आहेत, सांभाळून. पोचण्याआधीच्या सात दिवसांत ई-अरायव्हल अर्ज भरायचा, तो फुकट असतो. मुंबईहून बँकॉक, सिंगापूर किंवा क्वालालंपूरमार्गे जाता येतं. नवा विमानतळ ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाला आणि तो शहरापासून बराच लांब आहे, तासभर धरा. थायलंडहून रस्त्याने जायचा बेत असेल तर सीमेवरची स्थिती आधी तपासा. 2025 च्या संघर्षानंतर नाकी बंद झाली होती.

व्यवहार डॉलरमध्ये चालतो, सुट्टे परत मिळतात ते रिएलमध्ये. डॉलरला साधारण चार हजार. जराशी फाटलेली डॉलरची नोट कुणी घेत नाही. मुंबईत नोटा घेतानाच बघून घ्या.

कधी जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली. एप्रिलमध्ये भाजून निघाल, पण तेव्हा त्यांचं नववर्ष असतं. पहिल्या दिवसाचं नाव ‘मोहा सांक्रान’, म्हणजे आपली महासंक्रांतच, फक्त मेषेची. महिन्यांची नावं विचारून बघा: चेत, पिसाक, चेस, असाथ… फाल्कुनपर्यंत.

मला स्वतःला पावसाळ्याचा शेवट आवडतो. खंदक भरलेले, दगडांवर शेवाळ, गर्दी कमी. त्यांच्या भाद्रपदात, वद्य पक्षात, ‘प्चुम बेन’ येतो. पंधरा दिवस पितरांचे. ‘बेन’ म्हणजे पिंड. पहाटे उजाडण्यापूर्वी लोक विहाराभोवती फिरत भाताचे छोटे गोळे टाकतात, ज्यांचं कुणी नाही त्या पितरांसाठीसुद्धा. अधिकमास घालण्याची पद्धत वेगळी असल्यामुळे काही वर्षी आपला पितृपक्ष आणि त्यांचा महिनाभर मागे-पुढे होतो. त्या दिवसांत प्रवास करायचा नाही असं आपल्याकडे म्हणतात. मी गेले होते. पहाटे साडेचारला गाइडच्या मावशीने माझ्या हातावर भाताचे चार गोळे ठेवले आणि अंधारात पुढे हो म्हणून खूण केली.

संध्याकाळी काय करायचं?

जेवणासोबतचं अप्सरा नृत्य जेमतेम असतं, ताटांचा आवाज जास्त. नृत्यासाठीच असलेला कार्यक्रम शोधा. ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीच्या काळात, 1975 ते 79, बहुतेक नर्तक-शिक्षक मारले गेले. उरलेल्या मोजक्यांनी हे हातांचे हावभाव पुन्हा शिकवले, एवढं लक्षात ठेवून बघा. ‘फारे’ची सर्कस धमाल आहे, जनावरं नाहीत, नुसती पोरं. आणि ‘स्बेक थोम’ कुठे चालू असेल तर काहीही करून जा: माणसाएवढ्या चामड्याच्या आकृत्या, मागे जाळ, आणि त्यांचं रामायण, रीआमकेर. पिंगुळीच्या ठाकर मंडळींच्या चामड्याच्या बाहुल्या पाहिलेल्यांना तर जास्तच मजा येईल.

तरंगती गावं बघावीत का?

पावसाळ्यानंतर, हो. मेकाँगला पूर आला की तोन्ले साप नदी उलटी वाहते आणि त्याच नावाचा तलाव कितीतरी पट फुगतो. तेव्हा कांपोंग फ्लुकची खांबांवरची घरं पाण्यावर दिसतात. मार्च-एप्रिलमध्ये तीच घरं चिखलावर उंच उभी असतात. शहराजवळच्या धक्क्यावर “अनाथाश्रमासाठी तांदळाचं पोतं घ्या” म्हणून गळ घालतात, घेऊ नका. देवळांपाशी पोस्टकार्डं विकणाऱ्या लहान मुलांकडूनही घेऊ नका, कितीही गोड बोलली तरी. विक्री झाली की ती शाळेत जात नाहीत.

आणायचं काय?

कांपोतची मिरी, आणि ताडगूळ. बांतेय स्रेईच्या वाटेवर प्रिआ डाकच्या आसपास रस्त्याकडेला मोठमोठ्या कढया चढवलेल्या दिसतील. रस आटत येतो, बाई लाकडी उलथण्याने घोटत राहते, मग ताडपत्राच्या कड्यांमध्ये ओतते. थंड झालं की वड्या, ताडाच्या पानाच्याच नळीत भरलेल्या. कोमट वडी मागून खा. घरी आणलेल्या वड्या आईने पुरणात घातल्या होत्या. डबा मात्र घट्ट झाकणाचा न्या, माझ्या दोन नळ्या बॅगेत वितळल्या आणि एक सलवार अजून चिकट आहे.